रामेश्वरचे पतंग

रामेश्वर म्हटलं की बावीस तीर्थांची स्नानं, काशीहून आणलेली गंगा नि धनुष्कोडीची वाळू, एवढंच आपल्याला ठाऊक. पण तिथल्या उथळ समुद्रावर हल्ली भलेमोठे पतंगही दिसतात बरं का! पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून पाण्यावरून धावायचं, हा काइटबोर्डिंगचा खेळ. शिकणाऱ्यांत मुलीही असतात.

गंमत म्हणजे पहिल्यांदा फळी मिळतच नाही. नुसतं पालथं पडून पतंगामागे पाण्यातून ओढलं जायचं. हे बॉडी ड्रॅगिंग. एक हात दांड्यावर, दुसरा वाऱ्याच्या बाजूला पाण्यात ताठ. त्याच्या आधारानं वाऱ्याविरुद्ध नागमोडी सरकता येतं. पायातून निसटलेली फळी मागे राहते, ती अशीच गाठायची.

आणि पतंग पडला, पुन्हा उडेचना तर? मला विचाराल तर खरं शिक्षण हेच. आधी सुटकेची कळ ढकलून ओढ तोडायची. मग सुरक्षेची दोरी दांड्याला गुंडाळायची, मागाहून बाकीच्या. दोऱ्या वीसेक मीटर लांब. बोटांना वेढा पडला नि पतंगानं वारा धरला, तर बोटच जायचं! पतंगापाशी पोचलं की त्याच्या हवाभरल्या नळीवर रेलायचं नि टोक धरून त्याचंच शीड करून काठाला लागायचं.

मात्र वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असला, तर तेच शीड खोल पाण्यात नेतं. १९६४ च्या वादळात याच समुद्रानं धनुष्कोडी गिळलं. तसल्या वाऱ्यात नवशिक्यांनी वाळूवरच बसायचं, पैसे भरलेले असले तरी.