घाट आला, एसी बंद कर!

एकेकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली मारुती ८०० खंबाटकीच्या पायथ्याशी आली की मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणायचंच, "घाट आला, एसी बंद कर." चालवणाऱ्याचा हात त्याआधीच बटणाकडे गेलेला असायचा. इंजिन ७९६ सीसीचं, आत दाटीवाटीनं बसलेली पाच माणसं, टपावर बांधलेल्या बॅगा, आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरणार तो त्याच इंजिनाच्या जिवावर. तो चालू ठेवून चढ घेतला तर गाडी दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायची आणि तापमानाचा काटा लालकडे सरकायचा. मग काचांची हँडलं फिरायची, गरम वारा तोंडावर यायचा, आणि माथा ओलांडला की मागूनच परवानगी मिळायची, "हं, लाव आता."

आता हे वाक्य गाडीत ऐकू येत नाही. चढावर कॉम्प्रेसरचा भार कधी कमी करायचा, हे गाडीतला संगणक ठरवतो, आणि त्यानं काय ठरवलं ते आत बसलेल्यांना कळतही नाही. बाहेर बेचाळीस अंश असोत की आठ, आत चोवीस. घाट कधी सुरू झाला आणि कधी संपला, मागे बसलेल्या मुलांना पत्ता नसतो.

आमची पिढी या दोन्हींच्या मधली. लहानपण फियाट आणि अँबेसेडरमध्ये गेलं. फियाटच्या पुढच्या दारांना छोटी त्रिकोणी काच असे. ती फिरवून तिरकी केली की वारा थेट छातीवर यायचा. तिच्याजवळची जागा मिळावी म्हणून भावंडांत भांडणं व्हायची. त्या वाऱ्याबद्दल आम्ही आज फार प्रेमानं बोलतो. पण मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर तो वारा नव्हताच, ती झळ होती. रेक्झिनच्या सीटला पाठ चिकटायची, खिडकीत अडकवलेला ओला पंचा दहा मिनिटांत खडखडीत वाळायचा, आणि लहान मुलांना उलट्या व्हायच्या. म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात दिवसाउजेडी प्रवास करू देत नसत, त्याला कारण होतं.

१९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एसी हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात आला. ज्यांच्या गाडीला कंपनीचा एसी नव्हता, ते बाहेरून बसवून घेत. डॅशबोर्डखाली एक डबा लटकायचा, त्याचा गार झोत समोरच्यांच्या गुडघ्यांवर, आणि मागचे आपले घाम पुसत. हा एसी आज चालेल की नाही, याची खात्री कुणी देत नसे. म्हणूनच पाडवा झाला की त्याची परीक्षा घ्यायची पद्धत पडली.

ती परीक्षा रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. एकानं आत बसून इंजिन चालू करायचं, दुसऱ्यानं बॉनेट उघडून कान द्यायचा. आतल्यानं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा चुंबकी क्लच पकडायचा, त्याचा स्पष्ट 'टक्' असा आवाज यायचा आणि इंजिन जरा दबल्यासारखं वाटायचं. तो आवाज आला की निम्मी काळजी मिटली. नाही आला तर आधी फ्यूज बघायचा, मग रिले. रिले खराब आहे की काय अशी शंका आली तर, दोन्ही एकाच जातीचे असतील तेव्हा, हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघायचा. मग पट्टा अंगठ्यानं दाबून ताण तपासायचा. एवढं झालं की नळ्या. जाड नळीवर तळहात ठेवला तर ती गार लागली पाहिजे, पावसाळी दिवसांत तिच्यावर दव धरलं पाहिजे. बारीक नळी चांगली गरम हवी. कंडेन्सरजवळच्या ड्रायरच्या बाटलीवर बोटाच्या नखाएवढी काच असायची. तिच्यातून बुडबुड्यांची रांग सतत धावताना दिसली तर गॅस कमी. आणि गॅस कमी म्हणजे कुठेतरी गळती, कारण एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो.

मग गळती शोधायची. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर येतं, म्हणून ज्या सांध्यावर धूळ तेलकट होऊन काळी बसली असेल तिथे संशय घ्यायचा. दाढीच्या ब्रशनं निरम्याचा फेस त्या सांध्याला लावायचा आणि डोळा न हलवता बघत राहायचं. आधी काहीच होत नाही. मग फेसात मोहरीएवढा फुगा उठतो, वाढतो, फुटतो, आणि त्याच जागी दुसरा येतो. "इथे आहे!" असं ओरडणाऱ्याला त्या दिवशी मान मिळायचा. तोपर्यंत बॉनेटभोवती सोसायटीतले दोघं-तिघं जमलेले असत, प्रत्येकाचं निदान वेगळं, आणि वरून कुणीतरी विचारत असे, चहा किती जणांचा टाकू?

दुरुस्ती मात्र घरात संपत नसे. पान्ह्यानं सांधा आवळून किंवा नाना पेठेतून रबरी रिंग आणून भागलं तर ठीक. गॅस भरायला नाक्यावरच्या एसीवाल्याकडेच जावं लागे. तो आधी विचारायचा, कधीपासून? सकाळी गार येतं का, दुपारीच येत नाही का? सिग्नलला थांबल्यावर काय होतं? जुना फॅमिली डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारपूस करायचा, तशी ही विचारपूस. आपण सकाळी तळहातानं आणि फेसानं जे शोधलं ते त्याला सांगायचं, आणि त्यानं मान डोलावली की मोठी परीक्षा पास झाल्याचा आनंद व्हायचा.

आता गाडी आत घेतली जाते आणि आपल्याला काचेपलीकडे बसवलं जातं. कॉफी मिळते, मोबाइलवर 'काम सुरू आहे' असा मेसेज येतो. संगणकाला वायर जोडली की तो दाबाचे आकडे दाखवतो. बऱ्याच नव्या गाड्यांत ती बुडबुड्यांची काचही नसते आणि क्लचचा 'टक्'ही नसतो, कारण कॉम्प्रेसर सतत फिरत राहून आपलं काम आतल्या आत कमी-जास्त करतो. थोड्या वेळानं एक नम्र मुलगा कागद घेऊन येतो. कूलिंग कॉइल गेली आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, खर्च इतका. गळती कुठे दिसली, असं विचारलं तर तो गोंधळतो, कारण हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नाही.

तरीही जुनं ते चांगलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या काळी गाड्यांच्या एसीत आर-१२ गॅस असायचा, म्हणजे सीएफसी. नळी उघडायच्या आधी उरलेला गॅस सरळ हवेत सोडून देत. मोठा 'हिस्स' आवाज, पांढरी वाफ, आणि आम्ही पोरं तो गारवा हातावर घ्यायला पुढे धावायचो. हा गॅस उणे तीसच्या आसपास उकळतो. द्रवाचा थेंब अंगावर उडाला तर कातडी जळाल्यासारखी होते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे कुणाकडेच नसत. सीएफसी ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलँड यांनी १९७४मध्येच सांगितलं होतं. मॉन्ट्रियल करार १९८७चा, भारत त्यात १९९२मध्ये आला. आर-१२ वातावरणात साधारण शंभर वर्षं टिकतो. म्हणजे त्या सुखाच्या रविवारी नाक्यावर सोडलेला गॅस बहुतांशी अजून वरच आहे.

शिवाय गळती न काढता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणारेही तेव्हा कमी नव्हते. नळ्यांतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायला वेळ लागतो, म्हणून ती पायरी गाळली जायची. आत राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठायची आणि ऐन दुपारी गार हवा बंद पडायची. लोक म्हणायचे, एसी आहे, त्याला लहर येते.

आजचं चांगलं यंत्र जुना गॅस हवेत न सोडता ओढून घेतं, नळ्या निर्वात करतं आणि नवा गॅस ग्रॅमनं मोजून भरतं. छोट्या गाडीला तीन-चारशे ग्रॅम पुरतात. गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो, त्यामुळे ही मोजणी महत्त्वाची. आर-१२च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून पुढे आहे, म्हणून आता त्याचीही जागा घेणारे गॅस आले आहेत. हे सगळं सुधारलं ते उत्तमच झालं. तो धापा टाकणारा एसी आम्हाला परत नको आहे. आम्हाला चुटपुट लागते ती एवढ्याचीच, की ज्या गाडीत रोज दोन-दोन तास बसतो तिच्याशी आपली ओळख उरली नाही. पूर्वी आठ-दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असायचं की कुठली नळी गार आणि कुठली गरम. आज चाळिशीतल्या इंजिनिअरला बॉनेटची कळ कुठे आहे ते शोधावं लागतं. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि याला इलाज आहे, कारण घरी करण्यासारखं अजून पुष्कळ उरलं आहे. गॅसच्या नळ्या घरी उघडू नका. विजेच्या गाडीत तर कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, तिथल्या नारिंगी वायरींना हातही लावू नका. बाकीचं तुमचंच आहे. हवा थंड आहे पण झोत मंदावला असेल तर बहुतेक वेळा दोष केबिन फिल्टरचा असतो. पुष्कळ गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवलेला असतो. खणाच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली उतरतो, मागचं झाकण काढलं की फिल्टर हाती येतो. कडुनिंबाची वाळलेली पानं आणि करड्या धुळीचा थर बघून कळतं, आपण वर्षभर कशातून श्वास घेत होतो. नवा बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा तेवढी बघा. गाडी पळताना हवा गार आणि सिग्नलला कोमट येत असेल, तर कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते लांबून बघा, आणि गाडी बंद करून कंडेन्सरवरचा चिखल, किडे हलक्या पाण्यानं धुऊन काढा. जोराचा फवारा मारला तर पातळ पत्र्या वाकतात. गाडीखाली पाणी ठिबकत असेल तर घाबरू नका, ते ठिबकलंच पाहिजे. ते बाहेर न पडता डावीकडे पायाशी साचत असेल, तर पाणी जाण्याची नळी तुंबली आहे. कुबट वास येत असेल तर घर जवळ आल्यावर एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते.

हे करताना घरातल्या मुलांना जवळ बोलवा. गाडी सावलीत, मोकळ्या हवेत लावा, आणि हलणारा पट्टा नि पंखा यांच्यापासून हात दूर ठेवायला आधी शिकवा. एवढं करूनही गार येत नसेल तर खुशाल गॅरेजला जा, पण काचेपलीकडे बसून राहू नका. गळती नेमकी कुठे आहे ते दाखवायला सांगा, आणि दाखवेपर्यंत नवा गॅस भरू देऊ नका.