घराचा फेरफार झाला, रिव्ह्यूंचा नाही

झाई म्हणजे पालघर जिल्ह्याचं उत्तर टोक. किनाऱ्याने पुढे गेलात की गुजरातचं उंबरगाव. तिथल्या घरातल्या दोन खोल्या माझी मावशी एका अ‍ॅपवरून पर्यटकांना द्यायची. गुडघ्यांनी जिना सोडला तेव्हा तिने घर विकायला काढलं. बोरिवलीचं एक जोडपं तयार झालं, भाव ठरला, आणि शेवटच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "काकी, रिव्ह्यूपण आमच्याकडे येणार ना?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. घरातला कॉम्प्युटरवाला मीच.

जमिनीचं ठरलेलं असतं. खरेदीखत, फेरफार, मग सातबाऱ्यावर नवं नाव. चिकूची झाडं, विहीर सगळं जमिनीबरोबर जातं. दुकानाची पतसुद्धा विकता येते. १९३२च्या भागीदारी कायद्यात गुडविल ही फर्मची मालमत्ताच धरली आहे. गुगल मॅप्सवरचे रिव्ह्यू जागेला चिकटलेले असतात. एअरबीएनबीवर मात्र ते यजमानाच्या खात्याला बांधलेले. घर विकलं की नव्या मालकाने नवी लिस्टिंग काढायची, शून्यापासून. मावशीच्या अ‍ॅपचंही तसंच.

तांत्रिकदृष्ट्या हे एका ओळीचं काम आहे: डेटाबेसमध्ये मालकाचा आयडी बदला, झालं. पण ते रिव्ह्यू वाचा. अर्ध्याअधिकांत घर नाहीच. पोराला ताप आला तेव्हा मावशींनी रात्री पेज करून दिली. पहाटे किनाऱ्यावर नेऊन बांबूंवर वाळणारे बोंबील दाखवले. एकीने तर गळक्या नळावर तीन ओळी खर्च करून शेवटी पाच स्टार दिलेत. हे दुसऱ्याच्या नावावर कसं चढवणार? २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने द बाउंटिफुल कंपनीला सहा लाख डॉलर भरायला लावले, ते याच जातीच्या उद्योगासाठी: अ‍ॅमेझॉनवर नव्या मालाला जुन्या, खपणाऱ्या मालाचे रिव्ह्यू जोडले होते.

जोडप्याचं दुःखही खोटं नव्हतं. डोक्यावर कर्ज, तोंडावर दिवाळीची सुट्टी, आणि एकही रिव्ह्यू नसलेल्या घरावर अनोळखी माणूस पैसे लावताना दहादा विचार करतो. त्यांनी तोडगा काढला: "पासवर्ड द्या, वर साठ हजार देतो." साठ हजार मावशीला नको होते असं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन डोक्यावर होतं.

मी पॅन कार्ड काढलं. पैसे तुझ्या नावावर दिसतील, उद्या पाहुण्याला काही झालं तर पहिला फोन तुला येईल, वगैरे. ती ऐकत होती, पण तिचा प्रश्न वेगळाच होता.

"म्हणजे लोकांशी हे माझ्या नावाने बोलणार?"

"हो."

"मग नको."

शेवटी ठरलं ते असं: लिस्टिंग नवी, त्यांच्या नावाची, मावशी गल्लीतच भावाकडे राहायला गेली, तिथून ती जेवण देणार, ताटामागे पैसे घेणार. वर्णनात तसं स्पष्ट लिहायचं.

दिवाळीनंतर पहिला रिव्ह्यू आला. चार स्टार. "जेवण अप्रतिम. मालक फोन उचलत नाहीत."