एकशिंगी माणक्या

पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात बैल मिरवायला निघत, तेव्हा पोरे माझ्या माणक्याकडे बोट दाखवून हसत. साऱ्या बैलांना दोन शिंगे, याला एकच! आमची मंडळी मात्र त्या एका शिंगाला दुप्पट हौसेने हिंगूळ लावीत. दुसरे शिंग कुठे गेले ते आज सांगतो. त्यात चूक माझी आहे, म्हणूनच सांगायला हवे.

आम्ही परभणी जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. लाल कंधारी बैलांची एक जोडी, तिच्यावरच सारा संसार. २०१४ च्या माघात माणक्या मान झटकू लागला, एक शिंग खांबाला घासू लागला. मी म्हटले, गोचीड असेल. पुढे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताचे थेंब गव्हाणीत पडू लागले. मी म्हटले, उष्णता झाली. कुणी म्हणाले शिंगात किडे झाले, बुडाशी फिनेल ओत. तेही केले. असे दोन महिने गेले आणि एका सकाळी शिंग कललेले दिसले. हात लावला तर बूड गरम, आणि शिंग हलते! वडील म्हणाले, "अरे, त्याच्या जिवावर खातोस. आता तरी डॉक्टराला दाखव."

परभणीला १९७२ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. टेम्पोत घालून माणक्याला तिथे नेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "शिंगाचा कर्करोग दिसतोय." माझे पायच गळाले. बैलालाही कर्करोग होतो, हे मला कुठे ठाऊक!

त्यांनी समजावले ते तुम्हीही ध्यानात ठेवा. शिंग आतून पोकळ असते. आत हाड, हाडाला नाजूक अस्तर, आणि ती पोकळी कपाळातून नाकापर्यंत पोहोचते. रोग त्या अस्तरात धरतो, म्हणून रक्त नाकातून येते. कामाच्या वयातल्या बैलांत हा जास्त आढळतो. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून दावणीची बाकी जनावरे वेगळी बांधायची गरज नाही.

शस्त्रक्रिया मी डोळ्यांनी पाहिली. गुंगीचे औषध देऊन माणक्याला आडवा केला. डोळ्याचा कोपरा आणि शिंगाचे बूड यांच्या मध्यावर सुई टोचून शिंगाची शीर बधिर केली. बुडाभोवतीची कातडी कापून सोडवली, तारेच्या करवतीने शिंग मुळाशी कापले, रक्तवाहिन्या बांधल्या. आतली फुलकोबीसारखी गाठ पार खरवडून काढली, पोकळी धुतली आणि कातडी ओढून टाके घातले.

कापलेले शिंग मी उकिरड्यावर टाकायला उचलले, तर डॉक्टरांनी थांबवले. गाठीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून तपासणीला दिला. ते म्हणाले, "सडलेले प्रत्येक शिंग कर्करोगाचे नसते. खरे काय ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते, आणि पुढचे औषध त्यावरच ठरते." निदान कर्करोगाचेच आले. मग व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शने शिरेतून सुरू झाली. हे औषध मूळचे आपल्या अंगणातल्या सदाफुलीतले, हे ऐकून मी थक्क झालो. पण म्हणून सदाफुलीचा पाला कुटून जनावराला चारू नका. तो विषारी असतो. हे इंजेक्शनही शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. ते डॉक्टरांच्याच हातचे काम.

त्या वर्षी पेरणी भाड्याच्या बैलाने केली. पैसा गेला, झोप गेली. व्यापारी दारात येऊन भाव पाडून बैल मागू लागला. जखमेवर माशा बसू नयेत म्हणून घरच्यांनी आळीपाळीने राखण केली. माणक्या तगला आणि पुढची सहा वर्षे तिफणीला चालला. पण डॉक्टरांचे शब्द मी विसरलो नाही : "आणखी महिना लावला असता, रोग कपाळात उतरला असता. मग कापून उपयोग नव्हता."

तेव्हा बंधूंनो, बैलाने मान झटकली, शिंग घासले, एका नाकपुडीतून रक्त आले, की त्याच आठवड्यात दाखवा. शिंग कलायची वाट पाहू नका. पोळ्याला शिंगे रंगवताना दोन्ही बुडे हाताने चाचपून पाहा. मुके जनावर सांगत नाही, आपण विचारायचे असते.