आडनाव काय?

रहाटणी गावठाणात काकूंच्या तीन खोल्या भाड्याच्या. गेल्या आठवड्यात चाकणच्या कंपनीतल्या एका ट्रेनी मुलाला घेऊन गेलो. नाइट करून आलेला, गळ्यात अजून आयकार्ड. काकूंनी पाण्याची वेळ सांगितली, वेगळं मीटर दाखवलं, डिपॉझिटही कमी केलं. मग, "आडनाव काय तुमचं?" त्यानं सांगितलं. "बघू, ह्यांना विचारते." फोन आला नाही. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी आठवडाभर तशीच. मी तिथं उभा होतो आणि गप्प राहिलो.

---

बाबुराव बागुलांची कथा 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. नायक रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला जातो, जात लपवतो, उघड झाल्यावर मार खातो. पूर्वी वाचताना तो सापडेल याचीच धास्ती वाटे. आता शीर्षकातल्या 'चोरली'वरच अडतो. ज्याचं सगळं हिरावून घेतलं, त्याच्याच माथी चोरी.

---

अण्णा भाऊ साठेंचा फकिरा लपत नाही. गाव उपाशी मरतंय म्हणून धान्य लुटतो आणि वाटतो. 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. दर १ ऑगस्टला, अण्णा भाऊंच्या जयंतीला, निगडीच्या त्यांच्या पुतळ्यापाशी गर्दी असते; तिथं उभं राहिलं की फकिरा आठवतोच.

---

'फँड्री' सिनेमा. डुकराला काठीला बांधून जब्या आणि घरचे शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर. खांद्यांवर ओझं, आणि मागून पोरांची टिंगल. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडं. पडदा काळा झाला तरी मी खुर्चीतून उठलो नव्हतो. हसणाऱ्या पोरांत मीही बसलो होतो, आमच्या वर्गात.

---

'सैराट' २०१६ चा. काकू शेवटी हमसून रडल्या होत्या. ते रडणं खरं होतं, मी शेजारीच होतो. आर्ची-परश्याबद्दल सगळेच बोलतात. मला मात्र हैदराबादची सुमनअक्का महत्त्वाची वाटते. डोशाची गाडी चालवणारी एकटी बाई, दोन घाबरलेल्या पोरांना डोक्यावर छप्पर देते. पाटलाच्या लेकीला तिथला वास सहन होत नाही, तरी ती शिकते, कामाला लागते. भिंत तिच्याही आत होतीच.

---

आज काकूंकडं पुन्हा गेलो. म्हटलं, "काकू, सैराटमधली ती डोसेवाली आठवते?"

"न आठवायला काय झालं? चांगली होती बिचारी."

"तिचं आडनाव काय होतं?"

काकूंना आठवेना. मलाही आठवत नव्हतं. त्या पोराचा नंबर मी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला.