अंगावरून वारे गेल्यावर

एखाद्याच्या अंगावरून वारे गेले असे आपण म्हणतो. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. खरे तर वारे कुठले जात नाही. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने तुंबते किंवा फुटते आणि मेंदूच्या त्या भागाचे काम बंद पडते. डाव्या बाजूच्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, पुष्कळदा वाचाही जाते. माझे तसेच झाले, त्याला दोन वर्षे झाली. हातापायांची हकिकत सगळे विचारतात. मनाची कुणी विचारत नाही, म्हणून आज तीच सांगतो.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. खाटेभोवती बसून माणसे माझ्यादेखत म्हणत, "आता कसली शेती आन् कसलं काय! संपलं सारं." मला सगळे कळत होते, फक्त शब्द जिभेवर येत नव्हता. 'पाणी' म्हणायला जावे तर तोंडातून 'बैल' निघायचे. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे समजू नका.

दुसरी गोष्ट रडण्याची. वडील वारले तेव्हा चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढणारा मी, गाय हंबरली तरी रडू लागलो. कधी नको तिथे हसू फुटे. मनातून मी शरमून जाई. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. "हा तुमचा स्वभाव नव्हे, मेंदूच्या इजेमुळं असं होतं. घरच्यांनी घाबरू नये, विषय बदलावा, थोड्या वेळात ओसरतं."

उदासी मात्र वेगळी. पहाटे तीनला जाग यायची. जेवण नको, व्यायाम नको, माणूस नको. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला अशी उदासी धरते. तो आळस नव्हे, हट्टही नव्हे. तिच्यावर औषध आहे. मी घेतले, गुण यायला काही आठवडे लागले. जगणे नकोसे वाटू लागले तर मनात ठेवू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येते.

औषधाच्या जोडीने मला उभे केले ते कामाने. घरच्यांनी मायेपोटी सगळे माझ्या हातून काढून घेतले होते. ज्याला त्याला, "तुम्ही बसा." बसून बसून माणूस कुजतो. आमच्या मंडळींनी एक दिवस भुईमुगाच्या शेंगांचे सूप पुढ्यात ठेवले. "बियाणं फोडायचंय. उजव्या हातानं धरा, डाव्यानं फोडा." दुपारपर्यंत जेमतेम ओंजळभर दाणे निघाले, पण ते पेरायला गेले! घराला आपला अजून उपयोग आहे, हे मला त्या दिवशी पटले.

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत भरभर होते, मग मंदावते. तेव्हा लोक म्हणतात, "झालं तेवढंच." तसे नसते. शर्टाची गुंडी मला दहाव्या महिन्यात लावता आली. नातीचे नाव नीट घेतले ते दीड वर्षाने. नांगर मात्र आता धरता येणार नाही. हे गिळायला फार जड गेले, आजही काही दिवस जड जाते. पण मुलगा कुठल्या रानात काय घ्यायचे ते मला विचारून ठरवतो. त्या विचारण्यात माझे निम्मे बळ आहे.

सेवा करणारीलाही विसरू नका. रात्रीतून दोन-तीनदा उठून माझी कूस बदलणारी बाई कधी थकली हे आम्हाला उशिराच दिसले. नंतर सुनेने पाळी वाटून घेतली, मंडळी चार दिवस माहेरी जाऊन आल्या आणि घरात पुन्हा हसू आले.

रक्तदाबाची गोळी बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. दुसरा झटका टाळायचा तो तिथेच. आणि तुमच्या गावात असे कुणी खाटेवर असेल तर जरूर जा. त्याच्याविषयी बोलू नका, त्याच्याशी बोला. हो-नाही म्हणता येईल असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. उत्तर उशिरा येते, पण येते.