संसार सांभाळून परिचर्येची पदवी

विद्या वयाच्या कोणत्या टप्प्यावर मिळवावी, याविषयीं आपल्याकडील जुनी समजूत स्पष्ट आहे. आधीं विद्यार्थिदशा, मग गृहस्थाश्रम. दोन्ही एकाच वेळीं चालविण्याचा प्रसंग पूर्वीं क्वचित् येई. हल्लीं तो, विशेषतः स्त्रियांच्या वांट्यास, वारंवार येतो. आणि आमच्या घरीं तो धाकट्या कन्येच्या रूपानें आला. दोन मुलांची आई झाल्यावर, वयाच्या ३६ व्या वर्षीं, अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहून तिनें परिचर्येची, म्हणजे नर्सिंगची, पदवी घेण्याचें ठरविलें, व ती सोळा महिन्यांत पुरी केली. त्यांपैकीं पहिले सहा महिने आम्ही उभयतां तिच्याकडे होतों. ज्यांच्या मुली-सुना परदेशीं आहेत अशा अनेक परिचितांनीं त्यानंतर मला याबद्दल विचारलें. प्रत्येकास निराळें पत्र लिहिण्यापेक्षां, जें पाहिलें तें येथें क्रमानें मांडतों.

आधीं ह्या अभ्यासक्रमाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. आपल्याकडे बी. एस्सी. नर्सिंगला चार वर्षें लागतात. अमेरिकेंतही सामान्यतः तितकींच लागतात. परंतु ज्यानें दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी आधींच घेतली आहे, त्याला भाषा, इतिहास इत्यादि सामान्य विषय पुन्हां शिकविण्याचें कारण नाहीं, असा विचार करून तेथील सेंट लुईस विद्यापीठानें १९७१ सालीं पदवीधरांसाठीं शीघ्र अभ्यासक्रम काढला. पुढें तो देशभर पसरला. त्याचा अवधि साधारणपणें अकरा ते अठरा महिन्यांचा असतो. चार वर्षांचें काम सव्वा वर्षांत उरकतें, तेव्हां तें सोपें असेल, असें ऐकणाऱ्यास वाटतें. वस्तुस्थिति उलट आहे. परिचर्येच्या मुख्य विषयांना कात्री लावलेली नसते. लांब सुट्ट्या काढून टाकून सत्रामागून सत्र जोडलेलें असतें, इतकेंच.

शिवाय प्रवेशापूर्वीं शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे विषय झालेले असावे लागतात. आणि ते पांच-सात वर्षांपेक्षां जुने असल्यास अनेक विद्यालयें मानीत नाहींत. कन्येची जैवतंत्रज्ञानाची एम्. एस्सी. पुण्याची व दहा वर्षांपूर्वींची. पदवीचें मूल्यमापन होऊन ती मान्य झाली. विषय मात्र पुन्हां करावे लागले. २०२१ व २०२२ हीं दोन वर्षें, मुलें निजल्यावर, ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे धडे गिरवीत होती. तेव्हां सोळा महिने हा आंकडा सांगतांना त्यामागचीं हीं दोन वर्षें गाळूं नयेत.

आतां निवडीविषयीं. लग्नानंतर कित्येक वर्षें ती पतीच्या व्हिसावर अवलंबून होती व तिला नोकरीची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातीं आलें तेव्हां प्रयोगशाळांना ताज्या अनुभवाचीं माणसें हवीं होतीं. परिचर्येंत मात्र नव्यानें शिकून प्रवेश मिळतो, आणि काम गांवोगांवीं आहे. त्यांतही दोन मार्ग होते. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली तर खर्च पुष्कळ कमी. परवान्याची परीक्षा दोन्हीं मार्गांनीं जाणाऱ्यांस एकच द्यावी लागते. परंतु २०१० सालीं तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें, २०२० पर्यंत शेंकडा ८० परिचारिका बॅचलर पदवीधर असाव्यात, अशी शिफारस केली. आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यानें २०१७ सालीं, नव्या परिचारिकांनीं परवान्यानंतर दहा वर्षांच्या आंत ती पदवी घेतलीच पाहिजे, असा कायदा केला. आज ना उद्यां जें करावें लागणार, तें एकदांच करावें, असें तिचें म्हणणें पडलें. खाजगी विद्यापीठांत ह्या अभ्यासक्रमास पन्नास हजार डॉलरांहूनही अधिक खर्च येऊं शकतो, आणि आधीं पदवी असणाऱ्यास पेल नांवाचें सरकारी अनुदान मिळत नाहीं. घरासाठीं सांठविलेली रक्कम मोडून व उरलेल्यासाठीं कर्ज काढून त्यांनीं फीची सोय केली.

आप्तांपैकीं कांहींना ही निवड रुचली नाहीं. एम्. एस्सी. झालेल्या मुलीनें परक्यांचीं शौचपात्रें उचलावीं, हें आपल्या घराण्यास शोभतें काय, असा प्रश्न मला एका लग्नकार्यांत, भर पंक्तींत, विचारण्यांत आला. मीं त्यांना चरकसंहितेचें स्मरण दिलें. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं चार गुण असावेत असें आचार्य सांगतात : उपचारांचें ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयीं अनुराग आणि शुचिता. त्यांत ज्ञान पहिलें आहे. आणि इतकें मागें जाण्याचेंही कारण नाहीं. रमाबाई रानडे यांच्या धुरीणत्वाखालीं पुण्यास १९०९ सालीं सेवासदन निघालें, व तेथील विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या, तेव्हां पांढरपेशा समाजानें हेंच आक्षेप घेतले होते. त्या आक्षेपांस शंभरांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. ते पुन्हां नव्यानें घेण्याचें प्रयोजन मला दिसत नाहीं.

माझा स्वतःचा प्रश्न निराळा होता. फी भरण्यापूर्वीं मीं कन्या व जांवई दोघांनाही फोनवर विचारलें, "पैसा कोठून येणार तें कळलें, वेळ कोठून येणार?" आणि कागदावर हिशेब मांडावयास सांगितलें. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोपेचे ४९, वर्गांचे १६, रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाचे २४, अभ्यासाचे ४० आणि जाण्यायेण्याचे ८ वजा केले, म्हणजे ३१ उरतात. दिवसास साडेचार तासही नाहींत. तेवढ्यांत स्नान, भोजन, स्वयंपाक आणि दोन मुलें. त्यापूर्वीं घर तिच्याकडून दिवसास निदान दहा तास घेत होतें. म्हणजे रोजची तूट साडेपांच तासांची. ही तूट विद्यार्थिनीच्या हुशारीनें भरून निघत नाहीं. कोणीतरी आपले तास द्यावे लागतात. आणि ते कोणी, कोणत्या वारीं, कोणत्या वेळीं द्यावयाचे, हें आधीं ठरलें नसेल तर तीं झोपेंतून जातात किंवा मुलांतून जातात.

त्यांनीं ठरविलें. जांवयांनीं कचेरींत, सोळा महिने आपण दौऱ्यावर जाणार नाहीं, असें लेखी कळविलें. त्या वर्षीं होऊं घातलेली बढती त्यामुळें दुसऱ्यास मिळाली. त्यांनीं याचा उच्चार आमच्यापुढें एकदांच केला. पहिलें सत्र सर्वांत अवघड असतें असें ऐकून, आम्हीं जानेवारी २०२३ पासूनचे सहा महिने पत्करले. तेथें पाहुण्यांना सामान्यतः तितकेच दिवस राहूं देतात. सौभाग्यवतीनें स्वयंपाकघर घेतलें. नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोंचविणें व आणणें माझ्याकडे आलें. नातू तेव्हां नऊ वर्षांचा व नात चार वर्षांची होती.

अभ्यासांत माझा उपयोग होईल असें मला वाटलें नव्हतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढें पाठशाळेंत संस्कृत केलें व तेंच आयुष्यभर शिकविलें. परंतु वैद्यकाचे शब्द पाहिले आणि ओळख पटली. ग्रीक 'हायपर' म्हणजे आपलें 'उपरि', 'हायपो' म्हणजे 'उप', 'ऑस्टिओ' म्हणजे 'अस्थि', लॅटिन 'जेनु' म्हणजे 'जानु' : हीं एकाच कुळांतील भावंडें आहेत. 'हायपरग्लायसेमिया' या शब्दाचा विग्रह केला कीं अधिक, शर्करा आणि रक्त हीं तीन पदें सुटीं होतात. संध्याकाळीं भांडीं विसळतांना मी शब्द विचारावा व तिनें विग्रह सांगावा, असा आमचा परिपाठ पडला. औषधाच्या मात्रेचें गणित तर शुद्ध त्रैराशिक. पांच मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम औषध असेल आणि १२५ मिलिग्रॅम द्यावयाचें असेल, तर अडीच मिलिलिटर. गणित सोपें, पण दशांशचिन्ह एक घर सरकलें तर रुग्णाला दसपट औषध जातें. म्हणून ह्या एका परीक्षेंत तिच्या विद्यालयास शेंकडा ९० गुण हवे असत.

खरी अडचण दुसरीकडे होती. प्रौढ रुग्णांची परिचर्या हा मुख्य विषय. त्यांत उत्तीर्ण होण्यास ७७ गुण लागत, आणि पहिल्या दोन परीक्षांत तिला ७१ व ७४ मिळाले. दोन विषय गेले तर नांव कमी होई व भरलेली फी परत मिळत नसे. जन्मभर पहिल्या वर्गांत आलेल्या मुलीस हें नवें होतें. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या रात्रीं नातीस ताप भरला. रात्रीं दोन वाजतां ती मुलीस मांडीवर घेऊन, एका हातांत टिपणें धरून बसली होती. मला पाहून म्हणाली, "बाबा, मी दोन्हींपैकीं एकही नीट करीत नाहीं. सोडून देतें." मी कांहीं बोलण्यापूर्वीं जांवई उठून आले. त्यांनीं मुलीला उचललें, बायकोच्या हातांतील टिपणें काढून घेतलीं आणि म्हणाले, "सोडावयाचें कीं नाहीं तें परवां ठरवूं. आतां तूं नीज." ती चार तास निजली. परीक्षेंत ८० मिळाले.

त्यानंतरच्या रविवारीं आम्ही चुकलेले प्रश्न घेऊन बसलों. तिला माहिती होती. प्रश्नच निराळ्या जातीचे होते. चार रुग्ण दिलेले असतात. एकास शस्त्रक्रियेनंतर वेदना आहेत, दुसरा घरीं जाण्याची वाट पाहत आहे, तिसऱ्याची रक्तशर्करा थोडी वाढली आहे, चौथा आज सकाळपासून अस्वस्थ व भांबावल्यासारखा आहे. आधीं कोणाकडे जावें? चौघांचीही गरज खरी; पण अकस्मात् भांबावणें हें प्राणवायु कमी पडत असल्याचें लक्षण असूं शकतें, म्हणून चौथ्याकडे. आपल्या शिक्षणपद्धतींत बरोबर उत्तर एक असतें व बाकीचीं चूक असतात. येथें पुष्कळदां सगळींच बरोबर, आणि आधीं कोणतें, एवढाच प्रश्न. मग रोज रात्रीं मी असे दहा प्रश्न मोठ्यानें वाचीत असें, आणि उत्तराबरोबर कारण सांगितल्याशिवाय पुढें जात नसें. तो विषय तिनें ७९ गुणांवर सोडविला.

हा मार्ग फुकट पार पडला असें कोणी समजूं नये. नातवानें शाळेंतील निबंधांत, आपली आई घरीं असते पण घरीं नसते, असें लिहिलें. तो कागद तिनें जपून ठेविला आहे. त्या वर्षीं शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमास ती गेली नाहीं. रविवारीं सकाळचे तीन तास मात्र मुलांचे, त्या वेळांत पुस्तक उघडावयाचें नाहीं, हा नियम तिनें शेवटपर्यंत पाळला. माझ्या मतें मुलें त्या नियमाच्या आधारावर टिकलीं. आम्ही परतल्यावर व्याही व विहीणबाई सहा महिने जाऊन राहिल्या. उरलेले चार महिने शेजारच्या एका तमिळ बाईंशीं आळीपाळीनें मुलें सांभाळण्याचा करार झाला.

एप्रिल २०२४ मध्यें पदवी मिळाली. त्यापुढें परवान्याची एन्क्लेक्स ही परीक्षा असते. ती संगणकावर होते. उत्तर जसें द्यावें तसा पुढचा प्रश्न सोपा वा कठीण येतो. कमींत कमी ८५ व अधिकांत अधिक १५० प्रश्न, आणि अवधि पांच तासांचा. परीक्षार्थ्याच्या योग्यतेविषयीं यंत्राची खात्री पटली कीं परीक्षा मध्येंच थांबते. तिची ८५ प्रश्नांवर थांबली, आणि निकाल येईपर्यंत त्याचा अर्थ चांगला कीं वाईट हें कोणासच कळेना. ती उत्तीर्ण झाली. सांप्रत ती एका रुग्णालयांत आठवड्यांतून तीन दिवस, बारा-बारा तास, काम करते.

जे विचारतात त्यांना माझें सांगणें थोडकें आहे. घरांत दुसरें माणूस तास देण्यास तयार नसेल, तर दोन-तीन वर्षांचा संथ मार्ग घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं, आणि परवाना तोच मिळतो. शीघ्र मार्ग घ्यावयाचा तर फी भरण्यापूर्वीं रोजच्या साडेपांच तासांपुढें नांवें लिहावीं, व त्यांत पतीचें नांव पहिलें असावें. आजी-आजोबांस एक वेगळी विनंति. विमानाचें तिकीट एकदांच परवडत असेल, तर तें पदवीदानासाठीं राखून ठेवूं नये. पहिल्या सत्रास जावें. कन्येच्या छातीवर विद्यालयाची पिन लावण्याचा समारंभ आम्हीं पुण्यास रात्रीं जागून फोनवर पाहिला. चित्र मधूनमधून अडत होतें, परंतु पिन लावण्यासाठीं व्यासपीठावर तिनें पतीला बोलाविलें, हें आम्हांला स्पष्ट दिसलें.