मावशीच्या हातावरची तुळस!

हातातलं काम जरा बाजूला ठेवा, मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे! झालं असं की मला टॅटू काढायचा होता. आणि जन्मभर अंगावर राहणार, तर त्याला काही अर्थ हवा ना! मोबाइलवर बघत बसले. पिसं, फुलपाखरं, उडणारे पक्षी, कमळं, संस्कृत श्लोक. सगळं सुंदर! पण त्यात माझं काय? काही केल्या ठरेना. आणि मग साताऱ्याहून मावशी आली आणि चहाचा कप घ्यायला तिनं हात पुढे केला आणि मग मला तिचं मनगट दिसलं, जे मी जन्मल्यापासून बघतेय, आणि मग मी तो हात धरूनच ठेवला आणि तिचा चहा निवून गेला!

तुळस! वृंदावनासकट! चार रेघांचा चौथरा, वर दांडी, दोन्हीकडे फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक एक ठिपका! खाली नाव. माझ्या मामाचं! अक्षरं पसरलीत, पण वाचता येतात. मी विचारलं, "मावशी, काकांचं नाव का नाही गं?" तर म्हणाली, "तवा नवरा कुठं होता? भाऊ होता."

ऐकलंत? भाऊ होता! इथे मी अर्थ शोधत हिंडत होते आणि हिच्या मनगटावर तो साठ वर्षं बसलाय!

आणि मग ती बोलतच सुटली. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण यायची. सुया एकत्र बांधलेल्या, काजळी झाडपाल्याच्या रसात कालवलेली. ती टोचत जायची आणि टोचता टोचता गाणं म्हणायची, पोरीचं ध्यान दुखण्यावरून गाण्याकडे जावं म्हणून! वरून हळद. कुणी चंद्रकोर काढून घ्यायची, कुणी विंचू, कुणी स्वस्तिक, कुणी रामाचं नाव. हनुवटीवरचा ठिपका तर बहुतेकींना असायचाच. "मेल्यावर दागिनं काढून घेत्यात," मावशी म्हणाली, "ह्ये तेवढं संगं येतं." आणि बिस्किट बुडवायला लागली! एवढं बोलून बिस्किट!

मी ना चित्रकार, ना डॉक्टर. मला यातलं खरंच काही कळत नाही. पण त्या रात्री मी वाचत सुटले आणि झोपच लागेना! काजळी काळी, मग गोंदण हिरवं कसं? तर म्हणे रंग त्वचेच्या आत असतो, आपण तो कातडीच्या पडद्याआडून बघतो, निळा प्रकाश त्या पडद्यातच विखुरून परत फिरतो आणि म्हणून काळंसुद्धा निळसर-हिरवट दिसतं! बघा तरी!

आणि ते टिकतं कसं? वरची कातडी तर सतत झडते! तर रंग जातो तिच्या खालच्या थरात, आणि तिथे भक्षकपेशी असतात, बाहेरून आलेलं काहीही गिळून टाकणाऱ्या. त्या रंगाचे कण गिळतात. पण ते पचत नाहीत! आणि मग ती पेशी मरते आणि कण सुटतात आणि मग लगेच शेजारची नवी पेशी ते गिळते आणि मग तीही कधीतरी मरते आणि मग पुढची! २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे ती तुळस नुसती पडून नाही राहिलेली. मावशीच्या पेशी ती एकमेकींकडे सोपवत आल्यात, पिढ्यान् पिढ्या, मनगटातल्या मनगटात! मला तर हे वाचून उठून फेऱ्याच माराव्या लागल्या.

अजून ऐका! मावशीच्या गुडघ्यापाशी ठिपक्यांची एक रांग आहे. "पाय दुखायचा, म्हणून टोचलं." मी म्हटलं, असेल काहीतरी जुनी समजूत. आणि मग ओत्झी भेटला! १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात सापडलेला माणूस. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा! त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, कोळशाची पूड भरलेल्या. साध्या रेघा, मध्येच फुली. आणि कुठे आहेत? बऱ्याचशा कंबरेवर, गुडघ्यापाशी, घोट्यांपाशी! हाडं तपासली तर कंबर, गुडघे, घोटे झिजलेले! म्हणून अभ्यासकांना वाटतं की त्या दुखण्यावरचा उपाय असाव्यात. कुठे ते आल्प्स, कुठे आमचा सातारा! दोघांनी गुडघ्यापाशीच टोचून घेतलं!

तर माझं ठरलं. तुळसच! मावशीच्या हातावर पातळ कागद धरून जशीच्या तशी उतरवून घेतली. एक फांदी जरा वाकडी आहे, ती वाकडीच ठेवायची. गोंदणारिणीच्या हाताची आहे ती, सरळ करणारी मी कोण! खाली नाव मावशीचं. तिला सांगितलं तर आधी "येडी का खुळी" म्हणाली आणि मग हळूच विचारलं, "अक्षर मोठं काढणार ना?"

टॅटूवाल्याला मी एवढंच सांगितलंय की सुईचं नवं पाकीट माझ्यासमोर फोडायचं. आणि लेझरनं पुढे पुसता येतो वगैरे त्यानं सांगू नये, मला पुसायचा नाहीये!

आता तुमचं काम. घरात आजी असेल, आत्या असेल, गावाकडची एखादी काकू असेल, तिच्या हाताकडे बघा. हनुवटीकडे बघा. काय आहे, कुणी काढलं, तेव्हा तू केवढी होतीस, ते विचारा आणि दिवसाच्या उजेडात नीट फोटो काढून ठेवा. ज्यांच्या हातांवर ही गोंदणं आहेत त्या बायका आता थकल्यात. टॅटू काढा नाहीतर नका काढू, पण या रविवारी फोन तरी कराच!